लकवा येऊन गेला, तरी मेंदूतली लढाई संपलेली नसते

घरात कुणाला लकवा झाला की पहिले दोन-चार दिवस सगळं घर दवाखान्यात असतं. सीटी स्कॅन होतो, डॉक्टर 'मेंदूच्या नसेत गुठळी अडकली आहे' असं सांगतात, औषधं सुरू होतात. आठ-दहा दिवसांनी पेशंट घरी येतो. मग भेटायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो, 'जे व्हायचं ते होऊन गेलं, आता अल्लाहची मर्जी.'

अल्लाहच्या मर्जीबद्दल वादच नाही. पण 'होऊन गेलं' हा भाग बरोबर नाही. लकव्याचा झटका काही मिनिटांचा असतो, त्यानंतर मेंदूत सुरू होणारी हालचाल मात्र आठवडे आणि महिने चालते. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी जखमेच्या जागी धावतात, मेलेला भाग साफ करतात, कधी वाचवतात तर कधी नुकसानही करतात. पूर्वी हे फक्त मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कळायचं. गेल्या तीसेक वर्षांत शास्त्रज्ञांना ही हालचाल जिवंत मेंदूत पाहता येऊ लागली. त्यांना काय दिसलं आणि त्यातून आपल्या घरांनी काय घ्यायचं, हे आम्ही या लेखात सोप्या भाषेत मांडत आहोत.

लकवा, फालिज की पॅरालिसिस?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. उर्दूत लकवा म्हणजे मुख्यतः तोंड वाकडं होणं आणि फालिज म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पडणं. मराठीत आपण दोन्हींना लकवाच म्हणतो. पुस्तकी मराठीत पक्षाघात किंवा अर्धांगवायू हे शब्द आहेत, आणि दवाखान्यात स्ट्रोक किंवा पॅरालिसिसचा अटॅक असं म्हणतात. फक्त तोंड वाकडं होण्याचं कारण कधीकधी चेहऱ्याच्या नसेची सूज असतं, मेंदूचा स्ट्रोक नसतो. पण हा फरक घरी बसून ओळखायचा नाही. तो डॉक्टरांनीच सांगायचा.

आपल्या पूर्वजांनाही हा आजार नवा नव्हता. इब्न सीना यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'अल-कानून फित-तिब' या ग्रंथात सकता आणि फालिज यांवर वेगळी चर्चा आहे. आजच्या स्कॅनरकडे बघताना हेही लक्षात ठेवावं की आजारपण समजून घेणं हा आपल्या इल्मी वारशाचाच भाग आहे.

झटक्याच्या वेळी काय होतं

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असतं, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याकडे साठा नसतो. त्यामुळे रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. मोठी नस बंद पडून होणाऱ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. रुग्णालय लवकर गाठा असं डॉक्टर कळकळीने सांगतात, त्याचं कारण हेच.

स्ट्रोक दोन प्रकारचा असतो. बहुतेकांना गुठळीमुळे नस बंद पडते. काहींना नस फुटून रक्तस्राव होतो. या लेखात आपण मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलू.

नस बंद पडली की मधला गाभा लवकर मरतो. त्याच्या भोवतीचा भाग अर्धमेला असतो. आजूबाजूच्या नसांमधून थोडंफार रक्त मिळत असल्याने तो काही तास तग धरतो. मेलेल्या आणि फुटलेल्या पेशींमधून आतली रसायनं बाहेर सांडतात. एरवी ही रसायनं पेशीच्या आत बंद असतात. ती बाहेर दिसली की प्रतिकार पेशींना कळतं की इथे काहीतरी बिघडलं आहे. मोहल्ल्यात धूर दिसला की जसे सगळे तिकडे धावतात, तसंच होतं. यातून जी प्रतिक्रिया सुरू होते, तिला मराठीत दाह आणि उर्दूत वरम म्हणतात. पायाला काटा लागल्यावर जागा लाल होते, सुजते, दुखते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की मेंदू कवटीच्या आत बंद असतो, त्यामुळे सूज आली तर तिला जागा नसते.

मेंदूचे स्वतःचे पहारेकरी

बराच काळ असं मानलं जायचं की मेंदू रोगप्रतिकार व्यवस्थेपासून अलग आहे. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशांवर प्रयोग केले. दुसऱ्या सशाची कातडी एरवी शरीर लवकर नाकारतं, पण मेंदूत ठेवलेला तुकडा तसा नाकारला जात नाही, असं त्यांना दिसलं. त्यावरून मेंदू हा वेगळाच इलाका आहे, ही समजूत पक्की झाली. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये बारीक नसांच्या भिंतींचा कडक बंदोबस्त असतो, ही गोष्ट खरीच आहे. पण आतमध्ये पहारा नसतो, असं मात्र नाही.

१९१९ मध्ये स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे पातळ काप रंगवले आणि त्यात लहान, फांद्याफांद्यांच्या पेशी ओळखल्या. त्यांना मायक्रोग्लिया हे नाव मिळालं. मेंदूच्या एकूण पेशींपैकी या साधारण ५ ते १० टक्के असतात. जखम झाली की त्या आपल्या फांद्या आखडून गोल होतात आणि मेलेला माल गिळायला लागतात, हेही ओर्तेगा यांच्या लक्षात आलं होतं. पण त्यांच्यासमोर होते ते मेलेल्या मेंदूचे थांबलेले काप. चालती लढाई बघायला आणखी ८० पेक्षा जास्त वर्षं जावी लागली.

ती अडचण दोन शोधांनी सोडवली. पहिला शोध एका जेलीफिशचा. तिच्या शरीरात हिरवा चमकणारा एक प्रथिन पदार्थ असतो. त्याचा जनुक उंदरात घातला की हव्या त्या पेशी हिरव्या चमकतात. या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरा शोध अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला, १९९० सालचा. त्याचं नाव टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक. साधा प्रकाश मेंदूच्या पेशींमध्ये लगेच पसरतो आणि चित्र धूसर होतं. या यंत्रात इन्फ्रारेड लेझर वापरतात, जो जास्त खोल जातो. प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी पोहोचले तरच पेशी चमकते, आणि असं फक्त किरण एकवटतात त्या बिंदूवरच होतं. त्यामुळे नेमका तोच बिंदू उजळतो, बाकी अंधारात राहतो. अशा हजारो बिंदूंतून चित्र तयार होतं.

२००५ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी हे तंत्र वापरून बेशुद्ध केलेल्या जिवंत उंदरांच्या मेंदूत मायक्रोग्लिया पाहिल्या. तोपर्यंत या पेशींना 'आराम करणाऱ्या' म्हटलं जायचं. चित्रात दिसलं ते उलटंच. पेशीचं धड जागेवर, पण तिच्या फांद्या सतत लांब होत होत्या, आखडत होत्या, आजूबाजूला चाचपत होत्या. अशा रीतीने काही तासांत मेंदूचा कोपरा न कोपरा तपासून होतो, असा अंदाज शास्त्रज्ञांनी केला. मग त्यांनी लेझरने एक बारीक जखम केली. काही मिनिटांतच आसपासच्या सगळ्या मायक्रोग्लियाच्या फांद्या त्या दिशेला वळल्या आणि जखमेभोवती कडं तयार झालं. बारीक नस फुटली तिथेही त्यांनी जाऊन जागा झाकली. निरोगी मेंदूतही पहारा चोवीस तास सुरू असतो, ही गोष्ट या चित्रांनी डोळ्यांसमोर आणली.

बाहेरून येणारी कुमक, तीही अगदी जवळून

मेंदूचे पहारेकरी एकटे पुरत नाहीत. स्ट्रोकनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही आत शिरतात. प्राण्यांवरच्या अभ्यासात त्यांचा साधारण क्रम असा दिसतो. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी येतात आणि एक ते तीन दिवसांत त्यांची गर्दी सर्वांत जास्त होते. तिसऱ्या दिवसापासून पुढे सफाई करणाऱ्या मोठ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, वाढतात. लिम्फोसाइट पेशी त्यानंतर येतात आणि बराच काळ टिकतात.

या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. मग त्या हाता-पायांच्या हाडांतून निघून रक्तामार्फत मेंदूत येत असणार, असा सगळ्यांचा समज होता. २०१८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने एक युक्ती केली. उंदराच्या कवटीतल्या मगजाला एक रंग आणि पायाच्या नळीच्या हाडातल्या मगजाला दुसरा रंग दिला. मग स्ट्रोक घडवून मेंदूत कोणत्या रंगाच्या पेशी येतात ते पाहिलं. कवटीकडून आलेल्या न्यूट्रोफिलचं प्रमाण जास्त निघालं. पुढे शोध घेतल्यावर कवटीच्या हाडातून मेंदूच्या आवरणाकडे जाणारे सूक्ष्म मार्ग दिसले. माणसाच्या कवटीच्या नमुन्यातही असे मार्ग आढळले. शेजारच्या घरातूनच मदत येत होती आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तो दरवाजाच नव्हता!

माणसाच्या मेंदूत कसं पाहायचं?

उंदराच्या मेंदूत लेझर सोडता येतो, माणसाच्या बाबतीत तसं करता येत नाही. तिथे उपयोगी पडतं पेट स्कॅन. हे नाव आपल्या घरांत कॅन्सरच्या तपासणीमुळे माहीत झालं आहे. यंत्राची पद्धत तीच, पण टोचायचं औषध वेगळं.

प्रतिकार पेशी सक्रिय झाल्या की त्यांच्यात एका प्रथिनाचं प्रमाण वाढतं, त्याला थोडक्यात टीएसपीओ म्हणतात. पीके-११११९५ हे रसायन या प्रथिनाला जाऊन चिकटतं. या रसायनात किरणोत्सर्गी कार्बन बसवून ते अगदी थोड्या प्रमाणात शिरेतून देतात. जिथे जिथे ते चिकटतं, तिथून किरणं निघतात. डोक्याभोवतीचं कडं ती किरणं पकडतं आणि संगणक नकाशा बनवतो. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणून तो बनवणारं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र स्कॅनरच्या जवळच लागतं. ही सोय मोजक्या ठिकाणीच असते, त्यामुळे असे अभ्यास थोडे आणि लहान असतात.

स्ट्रोकच्या रुग्णात हे चित्र मिळाल्याचा अहवाल १९९२ मध्ये आला. पुढच्या अभ्यासांतून हळूहळू एक क्रम जुळला. अगदी सुरुवातीला फारसं काही दिसत नाही. साधारण तिसऱ्या दिवसापासून जखमेच्या जागी चमक वाढते. नंतर ती जखमेच्या कडेकडे सरकते. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे जिथे गुठळी अडकलीच नव्हती, अशा दूरच्या भागातही ती दिसते.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे रुग्ण होते ज्यांना स्ट्रोक होऊन २ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंतचा काळ गेला होता. त्यांच्या मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्रात प्रतिकार पेशी जाग्या असल्याचं दिसलं. थॅलॅमसला तर थेट इजा झाली नव्हती. मग असं का? मेंदूचे भाग लांब तंतूंनी एकमेकांना जोडलेले असतात. तंतूचं एक टोक मेलं की दुसरं टोकही हळूहळू झिजतं, आणि जिथे झीज तिथे पहारेकरी पोहोचतात. मेंदूकडून हाता-पायांकडे उतरणाऱ्या तंतूंच्या मार्गावरही अशीच हालचाल नंतरच्या अभ्यासांत दिसली. म्हणजे जखम एका जागी झाली, तरी तिची खबर सगळ्या वाटेवर पोहोचते आणि बराच काळ घुमत राहते.

एमआरआयचाही एक प्रयोग झाला. २००४ मध्ये जर्मनीत स्ट्रोकच्या काही रुग्णांना लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचं इंजेक्शन दिलं गेलं. मॅक्रोफेज पेशी हे कण गिळतात. लोहामुळे एमआरआयच्या चित्रात फरक पडतो आणि त्या पेशी कुठे पोहोचल्या याचा माग लागतो.

चित्र खरं, पण पूर्ण नाही

इथे थोडं सावध व्हायला हवं. पेट स्कॅनवरचा चमकता ठिपका पाहून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. टीएसपीओ हे प्रथिन फक्त मायक्रोग्लियात नसतं, मेंदूतल्या इतर काही पेशींतही असतं. नव्या पिढीची रसायनं वापरताना आणखी एक अडचण आली. एका जनुकातल्या जन्मजात फरकामुळे काही लोकांत ती रसायनं नीट चिकटतात, काहींत कमी आणि काहींत फारच कमी. त्यामुळे आता अशा स्कॅनआधी रक्ततपासणी करून रुग्ण कोणत्या प्रकारात बसतो ते पाहावं लागतं. शिवाय उंदरात पेशी सक्रिय झाली की टीएसपीओ वाढतं, पण माणसाच्या मेंदूच्या काही आजारांत ठिपका तेजस्वी दिसण्याचा अर्थ 'तिथे पेशी जास्त आहेत' एवढाच असू शकतो, असं २०२३ मधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं.

गर्दी किती आहे ते चित्रात दिसतं, पण गर्दीचा इरादा दिसत नाही. आग विझवायला आलेले लोक आणि दगड मारायला आलेले लोक दुरून सारखेच दिसतात. आता असे नवे पदार्थ शोधले जात आहेत ज्यांच्यामुळे मदत करणारी आणि नुकसान करणारी पेशी वेगळी ओळखता येईल.

प्रतिकार पेशी दोस्त की दुश्मन?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. यामुळे माणसांचे जीव गेले आहेत. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांचा विचार सरळ होता: पांढऱ्या पेशी मेंदूत शिरून नुकसान करतात, तर त्यांना दारातच अडवू. एन्लिमोमॅब नावाचं औषध त्यासाठी बनलं. प्राण्यांमध्ये ही कल्पना यशस्वी झाली होती. मग ६२५ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००१ मध्ये निकाल आला. औषध मिळालेल्यांपैकी २२.२ टक्के दगावले, औषध न मिळालेल्यांपैकी १६.२ टक्के. इलाज म्हणून दिलेली गोष्ट घातक ठरली. हे औषध उंदराच्या प्रतिपिंडापासून बनलेलं होतं आणि त्यानेच शरीरात उलट प्रतिक्रिया भडकवली असावी, असं एक कारण दिलं जातं.

२०१६ मध्ये बुडापेस्टच्या गटाने दुसरी बाजू दाखवली. त्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग स्ट्रोक घडवला. मेंदूचं नुकसान कमी होईल असं कुणाला वाटलं असतं, पण ते सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं. पहारेकरी नसल्यामुळे आजूबाजूच्या मज्जापेशींचं काम बेताल झालं होतं. म्हणजे त्या पेशी सांभाळण्याचं कामही करत होत्या.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. याच पेशी एका दिवशी सूज वाढवतात, तर दुसऱ्या दिवशी कचरा उचलून नव्या जोडण्यांसाठी जागा करतात. म्हणून 'कधी' हा प्रश्न 'काय' या प्रश्नाइतकाच मोठा आहे. आणि कधी हे कळण्यासाठी त्याच रुग्णाच्या मेंदूत, त्या दिवशी काय चाललं आहे ते दिसायला हवं. मेंदूतल्या प्रतिकार पेशींच्या चित्रणाची खरी गरज इथे आहे. आज आपल्या जवळच्या रुग्णालयात हा स्कॅन मिळत नाही, कारण तो अजून संशोधनाचं साधन आहे. लकव्याच्या रोजच्या इलाजासाठी सीटी आणि एमआरआयच लागतात. कुणी 'मेंदूची सूज बघायचा खास स्कॅन' म्हणून पैसे मागितले, तर आपल्या न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मेंदूत गर्दी, छातीत कमजोरी

आता घरच्यांच्या सर्वांत कामाची गोष्ट. मेंदूत प्रतिकार पेशींची धावपळ सुरू असताना बाकी शरीराची प्रतिकारशक्ती मात्र खाली येते. २००३ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये हे दाखवलं. स्ट्रोकनंतर तणावाच्या संदेशांमुळे रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी झाल्या आणि काही दिवसांतच उंदरांना आपोआप न्यूमोनिया झाला. माणसांच्या अनेक अभ्यासांची बेरीज केली असता स्ट्रोकनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांना कुठला ना कुठला संसर्ग होतो, आणि सुमारे १० टक्के रुग्णांना न्यूमोनिया होतो.

त्यात गिळण्याची अडचण भर घालते. घशाचे स्नायू नीट चालत नसले की पाणी, चहा, दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. बाहेरून काही कळतही नाही, कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही. आधीच कमजोर झालेल्या छातीत न्यूमोनिया होतो. 'मग आधीच अँटिबायोटिक द्या ना' असं नातेवाईक म्हणतात. ते करूनही पाहिलं गेलं आहे. नेदरलँड्समध्ये सुमारे २५०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. संसर्ग होण्याआधीच अँटिबायोटिक दिल्याने रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. त्यापेक्षा खबरदारी जास्त कामाला येते.

घरात काय करायचं

एक. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा डोळ्यांसमोर अंधार येणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात. पेशंट शेवटचा नीट कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

दोन. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काहीही घालू नका. पाणी, चहा, मध नाही, आणि दम केलेलं पाणी किंवा झमझमसुद्धा नाही. दुआ जरूर करा, दम जरूर करा. पाण्याचा घोट मात्र डॉक्टर हो म्हणाल्यावरच.

तीन. अयादत सुन्नत आहे, पण ती थोडक्यात असावी. प्रतिकारशक्ती खाली आलेल्या पेशंटभोवती पंधरा माणसं, त्यात दोघं खोकणारी, ही त्याची मदत नाही. सर्दी-तापवाल्यांनी फोनवर हालहवाल विचारावी. जवळ जाणाऱ्यांनी हात धुवावेत.

चार. दात आणि तोंड रोज स्वच्छ करा, पेशंटला डोकं उंच करून बसवा, दर काही तासांनी कूस बदला. ही खरी तीमारदारी आहे आणि यात मोठं पुण्य, मोठा सवाब आहे.

पाच. पारव्याचं रक्त चोळणं, गरम पट्ट्यांनी चटके देणं, झाडपाल्याच्या पुड्या तोंडात कोंबणं, हे थांबवा. वरच्या सगळ्या वर्णनात मेंदूतल्या पेशींपर्यंत पोहोचेल असं यात काहीच नाही. चटक्यांची जखम आणि घशात अडकलेली पूड मात्र संसर्गाला आमंत्रण देते.

सहा. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. रमजान जवळ आला की डॉक्टरांशी आणि आपल्या भागातल्या जाणकार आलिमांशी आधीच बोला. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

सात. व्यायाम म्हणजे फिजिओथेरपी सोडू नका. बहुतेक रुग्णांत पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, पण नंतरही सुधारणा होत राहू शकते. आपल्या आयांना, वडिलांना, नानी-दादींना 'आता काय, वय झालं' म्हणून पलंगावर सोडून देणं हे मोठं नुकसान आहे. घरातल्या बाईला लकवा झाला की व्यायामाच्या खर्चाचा विचार जास्त होतो, हेही आम्ही पाहतो. बोटं उघडणं-मिटणं, उभं राहणं, शब्द पुन्हा पुन्हा बोलून घेणं, हे सगळं रोज करून घ्यायचं. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन तपासून घ्यायचं.

झटक्यानंतर मेंदू शांत पडून राहत नाही. महिनोन्‌महिने त्यात सफाई चालते, नव्या वाटा शोधल्या जातात, आणि हे उघड्या डोळ्यांना दिसत नसलं तरी यंत्राने दाखवलं आहे. मेंदू आतून काम करत असताना बाहेरच्यांनी हात टेकणं बरं नव्हे. आपल्या वस्तीतल्या डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींनी मशिदीच्या हॉलमध्ये किंवा शाळेत या विषयावर तासभर बोलावं, अशी आमची विनंती आहे. आणि आपल्या मुला-मुलींपैकी कुणाला विज्ञानाची ओढ असेल तर त्यांना हेही सांगा की मेंदूचा हा नकाशा अजून अर्धाच काढून झाला आहे.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, त्यांची खिदमत करणाऱ्यांना सब्र देवो आणि आपल्याला वेळेवर योग्य इलाज करण्याची समज देवो. आमीन.